मधला थांबा

"चार तासांचं अंतर आणि टाकी पाच तासांची. मध्ये उतरायचं कशाला?" मालकांनी फोनवरचा नकाशा वैमानिक बाईच्या नाकासमोर धरला. दोन लहानसे विमानतळ, आणि त्यांना जोडणारी एक सरळ निळी रेघ.

"ही रेघ वारा हिशेबात धरत नाही, साहेब," ती म्हणाली. "आज वारा समोरून आहे. चाराचे सहा होतील."

"गेल्या महिन्यात तिकडून एका दमात आलो होतो की नाही आपण?"

"आलो होतो. तेव्हा वारा पाठीमागून ढकलत होता."

त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला मालकांचा एकुलता एक मुलगा इस्पितळात पडला होता. सकाळीच त्याच्या गाडीला अपघात झाला, डोक्याला जबर मार लागला. दुपारी त्याला ऑपरेशनला घेणार होते, आणि पुढचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. मालकांच्या हिशेबाने एका दमात गेलं तर त्याआधी त्याचा चेहरा दिसणार होता. मध्ये उतरून टाकी भरायची म्हणजे सगळं आटोपल्यावर पोचायचं.

मालक मुळातच हट्टी. एका जुन्या विमानावर त्यांनी धंदा उभा केला, तोही कुणाचं 'नाही' ऐकून न घेता. त्यात आज ते बाप होते, आणि अशा बापाला वारा कुठून वाहतोय ते दिसत नाही.

"तुला त्याचं काही आहे की नाही?" ते ओरडले. "इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तू मला वारा शिकवतेस!"

मेकॅनिक चाकापुढचा लाकडी ठोकळा काढायला वाकला होता. तिने त्या ठोकळ्यावर पाय रोवला. त्याने हात मागे घेतला. साहेबांना घाबरायचं की बाईंना, हे त्या बिचाऱ्याला ठरवता येईना.

"मध्ये थांबायचं कबूल करा, आत्ता निघू. नाहीतर हे विमान इथून हलणार नाही."

"कामावरून काढलं तुला! हो बाजूला. मी स्वतः चालवतो."

विमान चालवणं सोडून मालकांना बरीच वर्षं झाली होती. तरी त्यांनी विमानाच्या दाराची मूठ धरलीच.

ती तसूभर हलली नाही. डोळे भरून आले होते, तेही तिने पुसले नाहीत. विमानतळावर तिने त्यांना साहेबच म्हणायचं, हा त्यांचाच दंडक. आज तिने तो मोडला.

"खुशाल काढा, बाबा. पण शुद्धीवर आला की तो आधी आपल्या दोघांनाच विचारणार. तेव्हा त्याला बाप नाही आणि बायकोही नाही, असं मी होऊ देणार नाही."