तिसरं पिंप

घोडीवरून तीन पिंपांना वळसे घालायचे आणि सुसाट परत यायचं, एवढाच आम्हा बायकांचा खेळ. पिंप पडलं की वेळेत पाच सेकंद वाढतात, म्हणजे सगळं मुसळ केरात. कललेलं पिंप हाताने सावरायची मात्र मुभा आहे, आणि त्यात अख्ख्या ओक्लाहोमात आमच्या वनेटाचा हात कुणी धरू शकत नाही.

यंदाचं अजिंक्यपदही तिचंच, हे सगळे धरूनच चालले होते. फाटकापाशी मी तिच्या बिस्किट घोडीच्या खोगिराचा पट्टा आवळत होते, तेवढ्यात तिचा नवरा रॉइस आला.

"आज जिंकलीस की बिस्किटचा सौदा पक्का! टेक्सासवाला गिऱ्हाईक ट्रेलर घेऊनच आलाय."

"मला विचारलंस?"

"तुला काय विचारायचं? घोडी माझ्या नावावर आहे."

बिस्किटच्या मानेवरून वनेटाने एकदा हात फिरवला, टोपी घट्ट बसवली आणि मैदानात घुसली.

पहिली दोन पिंपं झकास झाली. तिसरं तिच्या गुडघ्याला लागून कललं. तिचा हात झटकन पुढे गेलेला मी पाहिला, तरीही पिंप आडवं झालं. सगळं मैदान हळहळलं.

टेक्सासवाला रिकामा ट्रेलर घेऊन चालता झाला. रॉइस तणतणत आमच्याकडे आला.

"अगं, नुसता हात लावायचा होतास ना पिंपाला!"

वनेटाने शांतपणे हातमोजा काढला.

"लावला की."