ओट्यावरचा वेप

चार्जिंगला लावलेला नवऱ्याचा वेप तापला, म्हणून प्रज्ञाने त्याला फोन केला. सुजीत शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता.

"आधी प्लग काढ. गार झाला की बॅटरी काढून वाळूच्या डब्यात घाल, डबा बाल्कनीत ठेव. खलास."

तिने तसंच केलं. रिकामा वेप ओट्यावर ठेवला आणि त्याला पुन्हा फोन लावला.

"झालं. पण याचा निळा दिवा कधी लागतो रे?"

"कोणी ओढलं की."

"बॅटरी नसताना?"

"छे गं. कसा लागेल?"

दिवा विझला. थोड्या वेळाने पुन्हा लागला, सावकाश, निवांत झुरका घेतल्यासारखा.

प्रज्ञाने वेपचं तोंडात धरायचं टोक टिश्यूने कोरडं केलं आणि वाट पाहिली.

दिवा लागला, विझला.

टोक ओलं होतं.