अंदमानचं समन्स

"फारकती तुमची पंचायतही देते, बाई. कोर्टात कायले येता?"

वामनराव वकिलांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. समोर बसलेल्या बाईनं आरशांच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"पंचायतीचा निरोप समुद्रापल्याड जात नाई, वकीलसाहेब. कोर्टाचा जाते म्हणतात."

नाव तिनं जमनी सांगितलं. गाव आर्णीजवळचा तांडा. अर्जात लिहायची हकीकत थोडी होती. धावजी काही वर्षांपूर्वी घर सोडून गेला. नागपूर, कलकत्ता करत अंदमानात पोचला आणि तिथल्या जंगलात लाकूड तोडायच्या कामाला लागला. तांड्यातला देवीलाल तिकडं काम करून परत आला होता. त्यानं धावजीला डोळ्यांनी पाहिलं होतं.

"देवीलालशी बोलला तो?"

"बोलला. पन घरचं नाव काढलं की उठून जाये."

"चिठ्ठी टाकली?"

"लय टाकल्या. धावजीचं एक उत्तर नाई."

देवीलाल बाहेर कडुनिंबाखाली तिचं गाठोडं सांभाळत बसला होता. बाई पाणी प्यायला उठली तेव्हा मुनशी सदाशिवराव वकिलांच्या कानाशी वाकले.

"दुसरा घरधनी बाहेर तयारच बसला आहे, साहेब. आणि नवऱ्याचं नाव कसं घेते पाहिलं? जरा अडखळत नाही. मन पार उठलेलं दिसते."

वामनरावांनाही तसंच वाटलं. आधी वेगळं राहण्याचा हुकूम, मग दोन वर्षांनी फारकती, असा रस्ता त्यांनी तिला समजावून सांगितला. तिनं मान हलवली. दोन वर्षांबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

अर्ज दाखल झाला आणि कोर्टाची समन्सं पाठवणाऱ्या नाझरानं ते अडवलं.

"दुसऱ्या राज्यात समन्स पाठवायचं कलम आहे, वकीलसाहेब. अंदमान कोणतं राज्य? नुसती बेटं आहेत ती."

"गेल्या वर्षापर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो. आता मुंबई राज्यात आहो. यवतमाळ जागचं हललं का?"

"ते मले नका सांगू. कलम दाखवा."

वामनरावांनी कायद्यातल्या शब्दांचे अर्थ ठरवून देणारा कायदा काढला. नव्या दुरुस्तीनं तिथं 'राज्य' या शब्दाची व्याख्या बदलली होती. राज्य म्हणजे राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टातलं राज्य, आणि त्यात केंद्राच्या ताब्यातला प्रदेशही धरायचा. अंदमान आणि निकोबार बेटं त्याच परिशिष्टात होती. नाझरानं ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि समन्स पुढं पाठवलं.

बाई पुढच्या वेळी आली तेव्हा वकिलांनी तिला ते सांगितलं.

"कायद्यात राज्य म्हटलं की ती बेटंही आली."

"म्हंजे यवतमाळ तसंच ते?"

"या कामापुरतं तसंच."

बाईनं दाराबाहेर पाहिलं.

"इतकं जवळ हाय," ती म्हणाली. मग विचारलं, "त्याले यावंच लागन का?"

"जबरदस्ती नाही. आला नाही तर एकतर्फी निकाल होईल. तुमचं काम सोपंच. काही घाबरू नका, इतक्या दुरून कोणी येत नाही."

तिचा चेहरा उतरला. वकिलांना वाटलं, तिचा विश्वास बसत नाही.

तारखांना तिनं यायची गरज नव्हती. तरी ती येत राहिली. पहिल्या तारखेला समन्स पोचल्याची खबर नव्हती. दुसरीलाही नव्हती. ती व्हरांड्यात बसून राही आणि दारात कोणाची चाहूल लागली की मान वर करी. एकदा वामनराव जवळून जाताना ती आपणहून बोलली.

"लहानपनी त्याले अंधाराचं लय भेव होतं. माह्या बोटाले धरल्याबिगर झोपे नाई."

फार लहानपणी लग्न झालं असेल, वकिलांच्या मनात आलं.

"घरी कोण आहे?"

"म्हातारी हाय. डोळे गेले तिचे. कुत्रं भुकलं का विचारते, धावजी आला का? मी म्हनतो, येऊन राह्यला."

सुटका मागणारी बाई अजून त्या म्हातारीला सांभाळते, याचं वामनरावांना नवल वाटलं. त्या दिवशी मुनशी तिच्याबद्दल काही बोलायला लागले तेव्हा त्यांनी त्यांना गप्प केलं.

तिसऱ्या तारखेला पोर्ट ब्लेअरहून समन्स बजावल्याचा शेरा आला. शिपायानं दारात उभं राहून पुकारा केला. बाई आत येऊन कठड्याशी उभी राहिली. वामनराव एकतर्फी निकाल मागायला उठले आणि तसेच थांबले.

एक माणूस आत येत होता. अंगानं काटकुळा, उन्हानं काळवंडलेला. अंगात नवा सदरा होता, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. त्यानं बाईकडं पाहिलं. मग त्याची नजर तिच्यावरून पुढं गेली, मागच्या बाकांवर फिरली, खिडकीशी गेली, परत दाराकडं आली.

बाईनं कठडा दोन्ही हातांनी धरला.

"धावजी रामधन तुम्हीच?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"जी."

"बायकोच्या अर्जाला तुमचा विरोध आहे?"

तो अजून बाकांवरचा एकेक चेहरा पाहत होता.

"जमनी कुठं हाय, साहेब?"

"ही काय, तुमच्या समोरच उभी आहे."

तो सावकाश वळला. या खेपेला त्यानं बाईकडं नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"ही माही मोठी बहीन हाय," तो म्हणाला. "जमनीले तं मी माह्या हातानं आग देऊन गेलतो, साहेब. पन कागदावर तिचं नाव होतं."