गंगव्वाचे सोमवार

सोमवार उजाडला की गंगव्वा पोलीस ठाण्याच्या फाटकासमोर येऊन बसायची. मांडीवर मुलाचा निळा शर्ट, शेजारी पाण्याची बाटली. शिव्या नाहीत, शाप नाहीत. बाहेर येणाऱ्या प्रत्येक पोलिसाला ती एकच विचारायची, "सार, माझ्या पोरांना मारणारे सापडले का?"

हा तिचा चोविसावा सोमवार होता.

फौजदार श्रीलता खिडकीतून तिच्याकडे बघत होती. सुरुवातीला तिला या बाईचा राग यायचा. आता नुसती लाज वाटायची.

प्रकरण साधं होतं, निदान कागदावर तरी. गंगव्वाचा मुलगा सुरेंदर कोळ्याचा पोर, टेम्पोतून बाजारात मासे न्यायचा. त्यानं पेद्दरेवूच्या दोरांच्या मुलीशी, स्रवंतीशी, देवळात लग्न केलं. दोरा म्हणजे गावचे जमीनदार. निम्मं गाव त्यांच्याच शेतात राबायचं. लग्नानंतर आठवडाभरात ती दोघं ठाण्यात आली होती. तिचे भाऊ जिवावर उठलेत, संरक्षण द्या, म्हणत होती. श्रीलतानं दोन्ही घरच्यांना बोलावलं, समज दिली आणि घरी पाठवलं. वरून आदेशच तसा होता.

ऑगस्टात गोदावरीला पूर आला. एका सकाळी पुलावर सुरेंदरची मोटारसायकल दिसली. कठड्याशी दोघांच्या चपला आणि आम्हाला कुणी जगू देत नाही अशी चिठ्ठी होती. दोन दिवस होड्या फिरल्या. हाती काही लागलं नाही. जोडप्यानं पुरात उडी घेतली, प्रेतं वाहून गेली, असं लिहून पोलिसांनी फाईल मिटली.

गावाचा यावर काडीचा विश्वास नव्हता.

चहाच्या टपरीवर म्हातारा पोशय्या रोज तेच सांगायचा. सुरेंदर दहा वर्षांचा असल्यापासून भर पुरात पोहून पलीकडे जायचा. तो बुडेल कसा? जीव द्यायलाही तो नदीत गेला नसता, नदीनं त्याला वर फेकलं असतं. शिवाय मोटारसायकल नीट स्टँडवर लावलेली, कुलूप घातलेली. मरायला निघालेला माणूस कुलूप घालतो का?

स्रवंतीच्या भावांबद्दल तर कुणाला शंकाच नव्हती. पहिले चार दिवस ते माणसं घेऊन स्टेशनं, बसस्थानकं पालथी घालत होते. पाचव्या दिवशी गंगव्वानं त्यांच्या दारात जाऊन ऊर बडवला, कपाळ उंबऱ्यावर आपटून रक्त काढलं. त्यानंतर त्यांनी शोध थांबवला, मुंडण केलं, बहिणीचं दिवसकार्य उरकलं. लोक म्हणाले, बघा, आपणच मारायचं आणि आपणच पिंड द्यायचा.

गंगव्वानं मात्र मुलाचं दिवसकार्य केलं नाही. खुनी सापडल्याशिवाय करणार नाही, असं तिनं पंचांना सांगितलं. त्या दिवसापासून सारा कोळीवाडा तिच्या पाठीशी उभा राहिला. मोर्चे निघाले. ठाण्यासमोर दोनदा दगडफेक झाली. श्रीलताच्या आईनं फोनवर विचारलं, "खरं सांग, तूही त्या दोरांचीच झालीस का?"

तो घाव वर्मी लागला. संक्रांतीनंतर श्रीलतानं साहेबांना न विचारता थेट जिल्ह्याला लिहिलं. आपला तपास घाईचा होता, आपण चुकलो असू शकतो, नव्यानं चौकशी व्हावी, असं स्वतःच्या सहीनं कळवलं. साहेब म्हणाले, बदली कुठं हवी ते आत्ताच सांगून ठेव.

आणि आज जिल्ह्याचा हुकूम आला होता. चौकशी पुन्हा होणार होती.

फाटकासमोर गर्दीत सांगायला नको म्हणून संध्याकाळी श्रीलता साध्या साडीत गंगव्वाच्या घरी गेली. गंगव्वा अंगणात मासळीचे खवले काढत होती. तिनं पाट दिला, चहा ठेवू का विचारलं. श्रीलता नको म्हणाली. किती महिन्यांनी तिला या बाईच्या डोळ्यांत बघून बोलता येत होतं.

"तुम्ही जिंकलात, अम्मा," ती म्हणाली. "आता हैदराबादहून वेगळं पथक येणार. दोरांच्या पोरांना उद्याच आत घेतील."

गंगव्वाचा हात थांबला नाही. "आणखी काय करतील?"

"सगळं. दोन्ही घरचे फोन तपासतील. कोण कुणाशी बोललं, कधी बोललं, सगळं निघेल."

"आमचेही?"

"नियम आहे तसा. घाबरू नका. आणि दोघांचे फोटो लावणार आहेत. सुरत, भिवंडी, मुंबई, जिथं जिथं आपली माणसं कामाला जातात तिथल्या प्रत्येक स्टेशनवर. वर्तमानपत्रातही येतील. त्यांना शेवटचं कुणी पाहिलं, ते कळेल तरी."

गंगव्वानं विळी बाजूला सारली. हात धुतले, पदराला पुसले. उठून तिनं अंगणाचं दार लावलं, कडी घातली आणि परत येऊन श्रीलताच्या अगदी जवळ बसली. इतके दिवस ती तिला मॅडम म्हणत आली होती.

"ते फोटो लावू देऊ नकोस, पोरी," ती हळूच म्हणाली. "सुनेला सातवा महिना आहे. तिला आता पळायला जमायचं नाही."