बदलून दिलेली डायरी

आबाराव चेअरमननी बिडी पेटवली आणि काडी टेबलावरच्या नव्या डायरीवर टेकवून विझवली. गुंडाप्पा झटकन पुढं झाला. पण वरच्या लाल कापडाला काळा ठिपका पडला, एवढंच झालं. कापडानं वाचवलं, असं तो मनात म्हणाला.

"उभा का? बस की," आबाराव म्हणाले.

"बसत न्हाय, आबा. तेवढी डायरी बदलून न्यायला आलोय."

"बदलून? आरं, सोयरीक हाय का ही, मोडायला?"

खिडकीबाहेरच्या बाया हसल्या. रॉकेल वाटायचा दिवस होता. सोसायटीच्या त्याच खोलीत कोपऱ्याला दोन पिंपं उभी होती. सिदू शिपाई मापानं रॉकेल ओतत होता आणि बायांची रांग पायरीखाली उतरली होती. जमीन तेलानं काळी चिकट झाली होती.

गुंडाप्पाच्या काखेत कापडात गुंडाळलेली दुसरी डायरी होती. हुबेहूब पहिलीसारखी. रोजाला एक पान, वर तिथी, मधे फिक्या निळ्या रेघा, तळाला पावसाची नोंद करायला एक चौकट. दुष्काळ असो नसो, ती चौकट आखावीच लागते. पानं जुजाजुजानं, घड्या घालून, दोऱ्यात शिवलेली, मधे खुणेची रेशमी फीत. आबारावांनी हे बांधणीचं काम दिलं, म्हणून त्या साली गुंडाप्पा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला नव्हता.

"दोरा कच्चा लागलाय," तो म्हणाला. "आखाडापतूर पानं गळतील."

"आखाडापतूर आपण तरी टिकतोय का?" आबाराव हसले आणि त्यांनी धूर सोडला.

खरं कारण वेगळंच होतं. तेरखेड्याचा बाबू त्याला पुठ्ठे द्यायचा. फटाक्यांच्या नळ्यांसाठी आणलेल्यातून उरलेले, स्वस्तातले. परवा तो वाट वाकडी करून आला आणि दारातूनच म्हणाला, "गुंडाप्पा, घात झाला बग. वातीसाठी सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला एक पुठ्ठा तुझ्या गठ्ठ्यात आलाय. ठिणगी पडली की भडकंल. वापरू नगंस बाबा!"

तोवर डायरी जाऊन चार दिवस झाले होते.

गुंडाप्पाला लगेच आठवलं. ती डायरी दाबातून काढली तेव्हा पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला पांढरं फुटलं होतं, मीठ भुरभुरल्यासारखं. तेव्हा त्याला वाटलं, खळ नीट शिजली नसेल. विहिरीच्या तळाचं पाणी ते, त्यात डाळसुद्धा शिजत नव्हती. आता त्याला उमगलं. सोरा पांढराच असतो.

उरलेले पुठ्ठे त्यानं उन्हात धरून पाहिले. एकावरही पांढरा कण नव्हता. त्यातलाच एक स्वच्छ पुठ्ठा काढला, टँकरच्या गोड्या पाण्यात खळ शिजवली, दुसरी डायरी बांधली आणि पाट्याखाली दाबून ठेवली. ती वाळेपर्यंत सोसायटीच्या बाजूनं कुणी ओरडलं तरी तो हातातलं काम टाकून दाराशी धावायचा.

सरळ सांगून टाकावं, असं त्याला कितीदा वाटलं. पण दसऱ्याच्या सुमाराला पाण्याच्या पाळीवरून त्याचं आणि आबारावांचं वाजलं होतं. साऱ्या गावासमोर तो नको ते बोलून गेला होता. आता चूक झाली म्हणून कोण मानणार? चेअरमनला जाळायला निघाला, असंच म्हणतील.

"गुंडाप्पा," आबारावांनी आवाज खाली आणला, "काय दडवतोस रं माझ्यापसनं?"

"काय न्हाय, आबा."

"तोंड बग की आरशात. मढ्यावानी झालंय."

त्यांची बिडी सरत आली होती. बिडी विझवायची त्यांची जागा ठरलेली. गेल्या सालच्या डायरीचा पुठ्ठा देवीचे वण पडलेल्या तोंडासारखा झाला होता. त्यांचा हात सवयीनं खाली आला.

गुंडाप्पानं झडप घातली. डायरी ओढली आणि छातीशी धरली. टेबलावरचं सामान खाली सांडलं. सिदूच्या हातातलं माप हवेतच थांबलं.

"पाया पडतो, आबा!" गुंडाप्पा खाली वाकला. "माझ्या हातचा खोटा माल तुमच्या टेबलावर नगं. ही घ्या. ही चांगली हाय."

"द्या की वो आबा!" रांगेतून धुरपदाबाई ओरडली. "रडकुंडीला आलाय बिचारा. त्येचं उरका, न्हाय तर आमच्या चिमण्या आज अंधारात!"

पुन्हा हशा झाला. आबारावही हसले. बिडी त्यांनी जमिनीवर टाकून वहाणेखाली चिरडली, नवी डायरी उघडली आणि पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

"ही बरीक गुळगुळीत हाय," ते म्हणाले. "जा, सुटलास."

खाली सांडलेलं सामान गुंडाप्पानं भराभरा उचलून ठेवलं. काडीपेटी मात्र मुठीत लपवली. तेवढीच आजची जोखीम टळली, असं त्याला वाटलं.

कचेरीमागं कोरडा ओढा होता. भिजवून टाकावं म्हटलं तर गावात ओंजळभर पाणी नव्हतं. जाळणं भाग होतं. त्यानं डायरीचा पुठ्ठा पानांपासून फाडला, दगडांमध्ये ठेवला, काडी ओढून लांबूनच टाकली आणि दरडीआड उडी मारली.

काहीच झालं नाही.

तो वाकत वाकत जवळ गेला. काडी विझून पडली होती. दुसरी काडी त्यानं थेट पांढऱ्या डागाला लावली. पुठ्ठा तपकिरी झाला, कोपरा वळला, थोडा धूर निघाला आणि विझला. तिसऱ्या काडीलाही तसंच. साध्या, दमट पुठ्ठ्यासारखा.

गुंडाप्पा हातातल्या पुठ्ठ्याकडं बघत राहिला. पांढरं फुटलं होतं ते विहिरीच्या पाण्याचंच, सोऱ्याचं नव्हे. मग त्याची मान हळूहळू कचेरीच्या खिडकीकडं वळली.

"सिदू," आतून आबारावांची हाक आली, "काडी दे रं जरा."