सोबतीला कोण?

"अक्कलदाढ आडवी आलीये, मुळं पार नसेला टेकलीयेत," एक्स-रे दाखवत डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. "काढावीच लागेल. ओठ थोडे दिवस बधिर राहू शकतो. आणि हो, सोबतीला कोणीतरी हवंच."

मैत्रीण येणार होती, पण ऐनवेळी तिचा मुलगा तापाने फणफणला. शेवटी नाइलाजाने तिने बाबांना फोन लावला. चांगली नोकरी सोडून तिने स्वतःचं शिवणकामाचं दुकान थाटलं, तेव्हापासून बापलेकीचं एकही बोलणं भांडणाशिवाय संपलं नव्हतं. "येतो," एवढंच म्हणून बाबांनी फोन ठेवला.

खुर्चीत तोंड वासून पडल्या पडल्या तिला दाराबाहेर त्यांच्या चपलांची फटफट ऐकू येत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, न थांबता. दाढेपेक्षा तिला धास्ती होती ती बाहेर गेल्यावरच्या "तरी मी सांगत होतो"ची.

दाढ निघाली. बाबा मात्र चकार शब्द बोलले नाहीत. टॅक्सीतही खिडकीबाहेर बघत बसले. कापसाचा बोळा दातांत धरून ती चोरून त्यांच्याकडे बघत राहिली. एवढा राग? घर येईपर्यंत तिचे डोळे डबडबले.

दाराशी औषधांची पिशवी तिच्या हातात देताना त्यांचं तिच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं, तसे ते कासावीस झाले.

"रडू नकोस गं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला आज बोलायला लावू नका. आणि मी तोंड उघडलं, की तू गप्प बसतेस होय?"