भराव

फावडं जमिनीला टेकायच्या आत महादेवप्पाने त्याचा दांडा धरला.

"हितं न्हाय," तो म्हणाला.

खणायला आलेली माणसं मागे सरली. लिंबाखाली आईवडिलांच्या दोन समाध्या होत्या आणि त्यांच्या शेजारची जागा सकाळीच साफ करून ठेवली होती. महादेवप्पाचा धाकटा भाऊ शिवलिंगप्पा फुलांनी मढवलेल्या खुर्चीत बसला होता. काल सोलापुरात त्याचा प्राण गेला. कपाळावर भस्म, डोक्याला गुलाबी फेटा, तळहातावर इष्टलिंग. बसवूनच पुरायची घराण्याची रीत होती. मैंदर्गीच्या रस्त्याला मोटारी लागल्या होत्या. रेल्वेचे साहेब आले होते, हॉटेलवाले आले होते, एक माजी आमदारही होते.

"दोड्डप्पा," शिवलिंगप्पाचा मुलगा अमरेश थोरल्या चुलत्यापुढे हात जोडून उभा राहिला. "अप्पांची शेवटची इच्छा होती. मला तुझ्या आजोबांच्या शेजारी माती दे, म्हणाले."

"माती? कुटं हाय माती? दाव की मला."

समाध्यांचा उंचवटा तेवढा शिल्लक होता. त्याच्या पुढचं सगळं शेत पुरुषभर खोल खणून नेलेलं होतं. शिवलिंगप्पाला रेल्वेच्या दुसऱ्या रुळाचं काम मिळालं, तेव्हा हे शेत दोघा भावांचं होतं. वरची काळी माती वीटभट्टीला गेली, खालचा मुरूम रुळाच्या भरावाला. त्या कामावर त्याने पुढची कामं धरली, मग सोलापुरात स्टेशनाजवळ हॉटेल बांधलं, मग अक्कलकोटला दुसरं बांधायला घेतलं. वाटणीच्या वेळी हे शेत त्याने थोरल्याला दिलं. महादेवप्पा तेव्हापासून दुसऱ्यांच्या रानात राबत होता.

महादेवप्पाची बायको दानम्मा त्याच्याजवळ आली. "बेडा," ती हळूच कानडीत म्हणाली. नको. "माझ्या हातचं जेवून मोठा झालाय तो. मेल्या माणसाशी कसलं वैर?"

"वैर कुठं करतोय? माती मागतोय."

मोटारींकडून कुणीतरी, हे शोभत नाही, असं काहीतरी म्हणालं. अमरेशने त्याला हाताने थांबवलं. बापाला असं परत घेऊन गेलो तर सोलापुरात काय बोलतील, हे त्याला कळत होतं.

"अक्कलकोटच्या साईटवर माझे टिपर आहेत," तो म्हणाला. "आत्ता बोलावतो."

"बोलाव. आदी माजा खड्डा भर. मग तुज्या बापाचा खणू." महादेवप्पा काठावर बसला. "आन् त्याची खुर्ची आन हितं. तोंड खड्ड्याकडं कर. बघू दे त्याला."

टिपर आले. एकामागून एक कडेला लागायचे, हौदा उचलायचे, माती धडधडत खाली जायची. हॉटेलच्या पायासाठी खणलेली माती, त्यात फरशीचे तुकडे, सिमेंटची कागदी पोती. धुरळा उडून खुर्चीवर बसत होता. झेंडू काळवंडले. ऊन चढलं तशा मोटारी निघू लागल्या. साहेब गेले. आमदारांना पुढे लग्न होतं.

दुपारी केव्हातरी फेटा सरकून शिवलिंगप्पाच्या डोळ्यांवर आला. अमरेश उठायच्या आत महादेवप्पा उठला. डोळे मिटलेलेच होते, तरी त्याने फेटा वर सारून नीट बसवला, कपाळाचा धुरळा पंच्याने टिपला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. त्यानंतर त्याने भावाकडे पाहिलं नाही.

दिवस कलला तरी एक कोपराच जेमतेम छातीभर वर आला होता. विधीसाठी आलेले जंगम स्वामी दोनदा सूर्याकडे बघून गेले. अमरेश चुलत्यासमोर उकिडवा बसला. त्याचे पांढरे कपडे मातकट झाले होते.

"सगळा भरायला महिने लागतील, दोड्डप्पा. मी भरून देतो. पण आता अप्पांना थांबवू नका."

"बास झालं," महादेवप्पा म्हणाला. "खणा."

माणसं फावडी घेऊन लिंबाकडे निघाली.

"तितं न्हाय." त्याने खाली, नव्या मातीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "तितं."

अमरेशला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो उभा राहिला. "तुम्ही शब्द दिला होता."

"तुज्या बापाचा खड्डा खणू, म्हनलो हुतो. कुटं खणू ते न्हाय बोललो. ती तुमची माती हाय, तितं ठेव त्याला. माज्या बाच्या मातीत त्याचा वाटा न्हाय."

दानम्माने तोंडाला पदर लावला. रस्त्यावर आता अमरेशची एकटीच गाडी होती आणि ड्रायव्हर बॉनेटला टेकून इकडेच बघत होता. अमरेशने मान खाली घातली आणि माणसांना खूण केली.

भुसभुशीत माती पटापट निघाली. चौघांनी खुर्ची धरून उतारावरून खाली नेली. शिवलिंगप्पाला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, भोवती भस्म आणि बेलाची पानं टाकली. महादेवप्पा वर काठावरच उभा राहिला.

अमरेशने खालून वर पाहिलं.

"दोड्डप्पा, पावसाळ्यात हा खड्डा पाण्याने भरतो. मग अप्पांचं काय होणार?"

"त्यो खणत हुता, तवा मीबी त्याला हेच इचारलं हुतं. आता शेताचं काय हुनार म्हनून."

"काय म्हणाले अप्पा?"

महादेवप्पाने वाकून मूठभर माती उचलली आणि खाली टाकली.

"म्हनला, पुढचं पुढं बघू."